पिस्तुलाची मूठ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी नात तेव्हा सातवीत होती. वर्गात बाईंनी मुलांना विचारलं, सुट्टीच्या दिवशी तुमच्या घरातली वडीलधारी मंडळी काय करतात? कुणी सांगितलं, आजोबा सुपाऱ्या सोलतात. कुणी सांगितलं, टीव्ही बघतात आणि आजीशी भांडतात. आमच्या बाईसाहेबांनी उभं राहून ठणठणीत आवाजात सांगितलं, "आमचे आबा घरी पिस्तूल बनवतात!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी बाजारपेठेतून फिरून, मच्छी मार्केटला वळसा घालून आमच्या ओटीवर परत आली. येताना तिचं वजनही वाढलं होतं. एका पिस्तुलाची दोन झाली होती.

आमचं गाव मुरूड तालुक्यातलं, समुद्रकाठचं. बाहेरच्या माणसाला यात गंमत वाटेल, पण आमच्या किनाऱ्यावर हा शब्द कुणी गमतीनं घेत नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये इथून खाली श्रीवर्धन तालुक्यात, शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स आणि हत्यारं उतरली. पुढे १२ मार्चला मुंबईत जे झालं त्यात २५७ माणसं गेली. त्यानंतर कित्येक वर्षं आमच्या भागातल्या माणसानं बाहेरगावी गेल्यावर "मी रायगडच्या किनाऱ्यावरचा" असं सांगितलं, की समोरचा एक क्षण थांबायचा. आणि मी सांगतोय त्याच पावसाळ्यात, १८ ऑगस्ट २०२२ ला, हरिहरेश्वरजवळ एक बेवारस नौका किनाऱ्याला लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या. ती नौका ऑस्ट्रेलियातल्या एका बाईंच्या मालकीची होती, खवळलेल्या समुद्रात माणसांना उतरवून सोडून दिलेली, आणि वाहत इकडे आली होती, हे त्याच दिवशी कळलं. पण कळेपर्यंत सगळ्या किनाऱ्यावर नाकाबंदी लागली होती. आणि अशा आठवड्यात आमच्या घरी म्हणे पिस्तूल तयार होत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आले. वयानं माझ्या मुलाएवढे. मी तालुक्यातल्या एका तांत्रिक शाळेत तीस वर्षं सुतारकाम शिकवलं, त्यामुळे अर्ध्या तालुक्याला मी 'मास्तर' म्हणूनच माहीत. चप्पल काढून ओटीवर बसले, आमच्या घरातून चहा आला, पावसाविषयी बोलणं झालं. मग कप खाली ठेवून म्हणाले, "मास्तर, ते पिस्तूल जरा बघू."

मी म्हटलं, "पिस्तूल घरी नाही. मूठ आहे."

"म्हणजे?"

मी आत जाऊन दोन्ही वस्तू आणून त्यांच्यासमोर ठेवल्या. एक होती फणसाच्या लाकडाची अर्धवट कोरलेली मूठ. दुसरी होती सागवानाची एक फळी, पिस्तुलाच्या लांबीची, पुढे खिळ्याचा तुकडा ठोकलेला, आत जाळ्याला लावतात ते शिसं भरून वजन केलेली. शेजारच्या तात्यांनी आमच्या नातीला हीच फळी एका हातात धरून माडावर नेम धरताना पाहिलं होतं. हवालदारांनी ती उचलली, हात लांब केला आणि दहा-पंधरा सेकंदांत त्यांचा हात थरथरायला लागला. "जड आहे हो," म्हणाले. जड नव्हती. किलोच्या आत-बाहेर होती. पण किलोभर वजन हात लांब करून, कशाचाही आधार न घेता धरायचं म्हणजे काय, ते त्यांना तिथं बसल्या बसल्या कळलं.

आता मुळातून सांगतो.

नेमबाजीत दहा मीटर एअर पिस्तूल नावाचा प्रकार आहे. मनू भाकरला २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळालं, तो हा. पिस्तुलात बारूद नसतं, दाबलेली हवा असते. ती साधारण अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा ढकलते. छर्ऱ्याचं तोंड चपटं असतं, त्यामुळे कागदावर पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पडतं. लक्ष्य दहा मीटरवर. त्याच्या मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढा. उभं राहायचं, एकच हात लांब करायचा, दुसरा खिशात किंवा पट्ट्यात, आणि पंचाहत्तर मिनिटांत साठ छर्रे झाडायचे. बस्स, एवढाच खेळ आहे.

या खेळात हाताचं काम किती बारीक असतं त्याचा एक हिशेब मी नातीला वहीत मांडून दाखवला होता. पिस्तुलाच्या पुढच्या माशीपासून मागच्या खाचेपर्यंतचं अंतर साधारण बत्तीस सेंटिमीटर धरा. माशी आणि खाच यांच्यात एक मिलिमीटर चूक झाली, तर दहा मीटरवर ती चूक एकतीस मिलिमीटरची होते. म्हणजे दहाचा छर्रा सहा-सातच्या घरात गेला. एक मिलिमीटर! सुतार एक मिलिमीटरला पेन्सिलीच्या रेघेची जाडी म्हणतो आणि पुढे जातो.

म्हणून मूठ महत्त्वाची. नळी, घोडा, हवेचा सिलिंडर हे सगळं कारखान्यात होतं आणि उत्तमच होतं. पण पिस्तूल आणि माणूस जिथं एकमेकांना भेटतात ती जागा लाकडाची असते. ती हातात बरोबर बसली, की डोळे मिटून हात उचलला आणि डोळे उघडले तरी माशी खाचेच्या मधोमध दिसते. बसली नाही, तर दर वेळी मनगट थोडं पिळून माशी मध्ये आणावी लागते. साठ वेळा पिळायचं. चाळिसाव्या छर्ऱ्यानंतर मनगट सांगतं, आता तुझं तू बघ.

आमच्या नातीचं हेच होत होतं. तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या रेंजवर ती आठवड्यातून दोनदा जायची. पनवेलला राहणाऱ्या सुमा शिरूर यांचं नाव तिनं कुठेतरी वाचलं होतं. २००४ मध्ये आशियाई स्पर्धेत त्यांनी रायफलमध्ये चारशेपैकी चारशे गुण मारले होते, हे ती येईल त्या पाहुण्याला ऐकवायची. आपल्याच जिल्ह्यात असं माणूस राहतं याचं तिला कोण अप्रूप! पण तिला मिळालेलं पिस्तूल क्लबचं, तिसऱ्या-चौथ्या हाताचं, आणि त्याची मूठ मोठ्या माणसाच्या उजव्या हातासाठी केलेली. पोरगी डावखुरी.

उजव्या हाताची मूठ डाव्या हातात धरून बघण्यासारखी गोष्ट नाही. या मुठीला तळव्याकडे फुगवटा असतो, अंगठ्याला टेकायला कट्टा असतो, बोटांना खोबणी असतात, हाताच्या खाली टेकू असतो. हे सगळं डाव्या हातात नेमकं नको तिथं येतं. दोन महिने ती तशीच खेळली. मग तिच्या मनगटाला गरम पाण्याचा शेक सुरू झाला. क्लबातले सर भले माणूस, पण त्यांच्याकडे दुसरी मूठ नव्हती. युरोपातून डाव्या हाताची मूठ मागवता येते, पण तिची किंमत आणि वर टपालखर्च, जकात हे ऐकून आमच्या चिरंजीवांनी विषय बदलला. "तिला उजव्या हातानं सवय करू दे," असंही घरात कुणीतरी म्हणालं.

हे मला झोंबलं. मी स्वतः डावखुरा. म्हणजे जन्मानं. पहिलीत पाटीवर डाव्या हातानं 'ग' काढला म्हणून बोटांच्या पेरांवर पट्टी बसली, आणि महिनाभर रोज बसत राहिली. तिसरीपर्यंत मी उजव्या हातानं लिहायला लागलो. अक्षर आजही असं आहे की बँकेत सही जुळत नाही. पुढे रंधा-पटाशी दोन्ही हातांनी चालवता येते याचा धंद्यात उपयोग झाला, हे खरं. पण पट्टी काही मी विसरलेलो नाही. मी म्हटलं, पोरगी डाव्याच हातानं खेळेल. मूठ मी करतो.

कायद्याचं इथंच सांगून टाकतो, कारण हवालदारांनीही ते विचारलं आणि विचारायलाच हवं होतं. घरी पिस्तूल बनवणं हा आपल्या देशात छंद नव्हे, गुन्हा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक-पिस्तूल बनवता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, त्यात फेरफार करता येत नाही. २०१९ मध्ये कायदा आणखी कडक झाला. विनापरवाना बनवण्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. अमेरिकेत लोक म्हणे सुटे भाग आणून गॅरेजमध्ये आपल्या आवडीचं पिस्तूल जुळवतात, घासतात, पॉलिश करतात. तिकडचं तिकडे. आपल्याकडे परवाना न लागणारं पिस्तूल म्हणजे हवेचं, आणि तेही साडेचार मिलिमीटरच्या नळीचं आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीचं. स्पर्धेतलं पिस्तूल जेमतेम सहा ज्यूलचं असतं. परवाना लागत नाही म्हणून ते खेळणं होत नाही, एवढं मात्र सांगतो. सहा ज्यूलमध्ये डोळा जातो. म्हणून रेंजवर नेम धरायची वेळ नसते तेव्हा नळीतून रंगीत प्लास्टिकची दोरी ओवलेली असते. दोरी आरपार दिसली म्हणजे आत छर्रा नाही. ही पद्धत मला फार आवडली. आमच्या शाळेच्या वर्कशॉपमध्ये गोल करवतीला अशी एखादी दोरी असती, तर एक-दोन बोटं वाचली असती.

तेव्हा मी काय केलं, तर फक्त लाकूड. धातूच्या एकाही भागाला कानस लावली नाही. पिस्तूल क्लबात कपाटात कुलपात, आणि मी दर रविवारी एसटीनं पिशवीत लाकडाचा तुकडा घेऊन तिकडे.

सुरुवात शाडूपासून केली. पेणहून आणलेली गणपतीची शाडू गावातल्या मूर्तिकाराकडे होतीच, त्याच्याकडून दोन किलो मागून आणली. एका काठीभोवती मातीचा गोळा थापला आणि नातीला म्हटलं, धर घट्ट. तिनं लिंबू पिळावं तसं पिळलं. सुंदर ठसा उठला. पाचही बोटं, तळव्याच्या रेषासुद्धा. मी खूश. तो वाळवून मी सरांना दाखवायला नेला, तर ते हसले. म्हणाले, "मास्तर, ही भांडणातली मूठ झाली. नेमबाजीत कुणी अशी धरत नाही." मग त्यांनी माझा हात हातात घेतला. आपण एखाद्याशी हात मिळवतो तेवढाच दाब, आणि तोही मधल्या दोन बोटांनी सरळ मागे. अंगठा नुसता टेकलेला. पहिलं बोट तर मुठीला लागताच कामा नये, कारण घोडा ओढताना ते हललं की लाकूड हलतं, लाकूड हललं की माशी हलते. म्हणजे मला माणसाच्या बळाचा ठसा नको होता, त्याच्या विसाव्याचा हवा होता. पुन्हा शाडू. या वेळी पोरीला हात मिळवायला सांगितलं.

पहिली मूठ मी शिसवीच्या तुकड्यातून केली आणि फुकट घालवली. कशी ते सांगायला लाज वाटते, पण तीस वर्षं मुलांच्या चुका मोजल्या, आता आपली एक मोजू. उजव्या मुठीवरून डावी करायची म्हणजे आरशातल्यासारखं सगळं उलटं करायचं, एवढं डोक्यात पक्कं बसलं होतं. बाहेरचा आकार उलटा केला. आणि त्याच नादात आतली खाच, जिच्यात पिस्तुलाचा खुंट बसतो, तीही उलटी केली! हात डावा झाला म्हणून पिस्तूल काही डावं होत नाही. ते तेच, त्याचा खुंट तोच, स्क्रूचं भोक तिथंच. बारा दिवसांचं काम. रेंजवर जाऊन बसवायला गेलो आणि ते बसेना, तेव्हा सरांच्या आधी पोरीच्या लक्षात आलं. ती काही बोलली नाही. परतीच्या एसटीत मात्र खिडकीबाहेर बघून हसत होती.

शिसवीचा दुसरा तुकडा नव्हता. मग फणसाकडे वळलो.

या फणसाची थोडी हकिगत सांगायला हवी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. दुपारी दोन-तीन तासांत आमच्या वाडीतले माड आणि सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. माझ्या वडिलांनी लावलेला फणस मुळासकट उपटून विहिरीच्या कठड्यावर पडला. त्याच्यामुळे कठडा गेला, पण घर वाचलं, असं आमच्याकडे मानतात. टाळेबंदीचे दिवस, मजूर मिळत नव्हते. आम्हीच तोडला. बुंध्याच्या फळ्या पाडून, टोकांना रंग फासून, मध्ये पट्ट्या घालून पडवीत रचून ठेवल्या. टोकांना रंग का, तर लाकूड टोकांकडून लवकर वाळतं आणि तडकतं. इंचाला एक वर्ष या जुन्या हिशेबानं दोन इंची फळी दोन वर्षांत वाळायला हवी. २०२२ च्या जूनला दोन वर्षं झाली होती.

फणसाच्या लाकडाला आपल्याकडे वाद्यवाले मान देतात. वीणा, मृदंग फणसाचे होतात. ताजं कापलं की हळदीसारखं पिवळं असतं, पुढे हवेनं आणि हाताच्या तेलानं तांबूस-तपकिरी होत जातं. परदेशात या मुठी अक्रोडाच्या करतात. वजनाला फणस त्याच्या जवळपासच. फार कठीण नाही, फार मऊ नाही, धार लागली की स्वच्छ कापलं जातं. मला वाटतं, देशी लाकडांत या कामाला याहून चांगलं लाकूड मिळणार नाही. पण हे मी फणसाच्या बाजूनं बोलतोय, तेव्हा थोडं वजा करून ऐका.

आतली खाच या वेळी तीनदा मोजून, आधी थर्माकोलच्या तुकड्यात करून पाहिली आणि मग लाकडात. मग बाहेरचा आकार. पटाशीनं ढोबळ काढला, रास्पनं खाली आणला, मग अर्धगोल कानस, मग पॉलिश पेपर. हे सगळं वर्णन करायला सोपं आहे. अवघड होतं ते एवढंच, की कुठं थांबायचं ते कळेना. लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही. यावर एक युक्ती केली. खोबरेल तेलात काजळ कालवून पोरीच्या तळव्याला पातळ फासायचं आणि तिला मूठ धरायला सांगायचं. जिथं काळं उमटलं तिथं हात टेकतो, जिथं नाही तिथं पोकळी. जिथं फार गडद तिथं दाब जास्त, तिथं दोन हात कानस मारायचे. फिटर लोक बेअरिंग बसवताना निळा रंग लावून हेच करतात. आजी म्हणायची, पोरीच्या डोळ्यात घालायचं काजळ हाताला फासताय, काय म्हणावं तुम्हाला. आणि जिथं जास्त लाकूड गेलं तिथं एम-सील. हो, नळ गळतो त्याला लावतात तेच. मळून भरायचं, ओलं असताना प्लास्टिकची पिशवी घातलेल्या हातानं धरायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी घासायचं. भारतभर नेमबाजांच्या मुठींवर असे करडे ठिगळ दिसतात म्हणे. सरांनी आपली मूठ दाखवली, तिच्यावर लाकूड कमी आणि एम-सील जास्त होतं.

पोरीनं रोज संध्याकाळी ती सागवानाची फळी नव्या मुठीला जोडून ओटीवर उभं राहायचं. डोळे मिटायचे, हात उचलायचा, डोळे उघडायचे. खिळा खाचेच्या डावीकडे दिसला की मी तळव्याकडचा फुगवटा किंचित कमी करायचा. खाली दिसला की हाताखालचा टेकू हलवायचा. आम्ही दोघं बोलायचो ते एवढंच. "डावीकडे." "किती?" "थोडं." मग कानशीचा आवाज. माझ्या मुलाशी त्याच्या लहानपणी मी एवढा वेळ कधी बसलो नव्हतो.

तात्यांनी तिला पाहिलं ते या दिवसांत. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं, वहीत काहीतरी लिहिलं, क्लबाचं नाव आणि सरांचा फोन घेतला. ते त्यांचं काम होतं. उठताना म्हणाले, "मास्तर, काम उत्तम आहे, पण पोरीला ओटीवर नको, मागच्या पडवीत उभी करा." तेव्हापासून ती मागच्या पडवीत उभी राहते. तात्यांशीही बोलणं सुरू झालं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. १९९३ मध्ये कुणीतरी वेळेवर तोंड उघडलं असतं तर, असं ते अजून म्हणतात.

पॉलिशचं सांगायचं राहिलं. माझा हात चपडा लाखेच्या पॉलिशवर बसलेला. पण भर पावसात, हवेत एवढी ओल असताना लाखेचा हात मारला आणि सकाळी बघतो तर मूठ बुरशी आल्यासारखी पांढरी. लाखेत ओल अडकली की असं होतं हे मी मुलांना शिकवलेलं, आणि घाई मलाच झाली होती. सगळं खरवडलं. शिवाय गुळगुळीत मूठ घामानं सटकते, आणि आमच्याकडे घाम बारमाही. मग जवसाचं उकळलेलं तेल घेतलं. फडक्यानं चोळायचं, पुसायचं, दोन-तीन दिवस ठेवायचं, पुन्हा चोळायचं. पावसाळ्यात एकेक हात वाळायला चार-चार दिवस लागले. तेल पुसलेली फडकी मी पाण्यात भिजवून मगच टाकायचो, कारण या तेलाची चुरगळलेली फडकी आपोआप तापून पेट घेतात. शेवटी जिथं तळवा आणि बोटं टेकतात तेवढ्या भागावर छोट्या टोच्यानं टिंबं मारली. पाटा टाकीला देतो तसं. एकेक टिंब, हजारभर तरी असतील. त्यामुळे पकड येते.

स्पर्धेच्या दिवशी मात्र माझी पुरती फजिती झाली. खेळाआधी पिस्तुलाची तपासणी असते. घोडा किमान ५०० ग्रॅमला सुटला पाहिजे, त्याहून हलका चालत नाही. वजन दीड किलोच्या आत. मनगटाला मुठीचा आधार मिळता कामा नये. आणि सगळं पिस्तूल, मुठीसकट, एका पेटीत मावलं पाहिजे. ४२० मिलिमीटर लांब, २०० उंच आणि ५० रुंद. आमचं लांबीत बसलं, उंचीत बसलं, रुंदीत अडलं. अंगठ्याच्या कट्ट्यापासून फुगवट्यापर्यंत भरलं ५३. तपासनीस बाई शांतपणे म्हणाल्या, "असं चालणार नाही." मी हाताची बाजू एवढी जपली, की पेटीचं मापच घ्यायला विसरलो होतो. पोरीचा चेहरा उतरला. तिची पाळी चाळीस मिनिटांवर.

एका दुसऱ्या मुलाच्या वडिलांकडे कानस होती. ते कोल्हापूरकडचे, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे यांच्या जिल्ह्यातले. तिकडे म्हणे नेमबाजांचे बाप कानस बरोबर घेऊनच फिरतात. दाराबाहेर पायरीवर बसून मी अंगठ्याच्या कट्ट्यावरचं तीन मिलिमीटर लाकूड उडवलं. महिनाभर तेल पाजलेलं, टिंबं मारलेलं. ४९ आणि थोडं भरलं. पेटीत गेलं. अंगठ्याखाली कच्चं पिवळं लाकूड उघडं पडलं तसंच ती घेऊन आत गेली.

आदल्या वर्षी तिचे साठ छर्ऱ्यांत ५१२ झाले होते. त्या दिवशी ५३१ झाले. पदक नाही, पहिल्या दहांतही नाही. पण पन्नासाव्या छर्ऱ्यानंतर तिनं हात खाली आणून मनगट चोळलं नाही, एवढं मी काचेतून मोजलं.

त्या रात्री मी तिला कॅरोली टकाक्सची गोष्ट सांगितली. हंगेरीच्या सैन्यातला हा पिस्तूलबाज. १९३८ मध्ये सदोष हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात, नेम धरायचा हात, निकामी झाला. कुणाला न सांगता तो डाव्या हातानं सराव करत राहिला. दुसऱ्या महायुद्धामुळे दोन ऑलिंपिक झालीच नाहीत. १९४८ मध्ये लंडनला त्यानं रॅपिड फायर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं, १९५२ मध्ये हेलसिंकीला पुन्हा. तेही डाव्या हातानं. पोरीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला डाव्या हाताची मूठ कुणी करून दिली?"

हे मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

आता ती दहावीत आहे. फणसाची मूठ चांगली तांबूस झाली आहे. अंगठ्याखालचा घासलेला भाग मात्र अजून बाकीच्यापेक्षा थोडा फिकट दिसतो. दरम्यान तिच्या हाताची बोटं वाढली. परवा रेंजवरून आली आणि म्हणाली, "आबा, करंगळीला जागा पुरत नाही." वादळातल्या त्या फणसाची एक फळी अजून पडवीत आहे. काल ती खाली काढली, धूळ झटकली. टोकाला जरा चीर गेली आहे, पण मधला भाग चांगला निघेल. या वेळी आधी पेटी करून घेतली आहे, बरोबर ५० मिलिमीटरची.